मेणातला तुकडा बाईच्या हाती द्या

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत: माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री



मी सोलापूरची. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतर, घरातल्याच एका दुखण्याच्या निमित्तानं, स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांबरोबर दवाखान्यात जाऊ लागले. कुणाला केसपेपर काढून देणं, कुणाचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून देणं, डॉक्टर आत काय म्हणाले ते बाहेर आल्यावर पुन्हा सावकाश सांगणं, एवढंच माझं काम. मी डॉक्टर नाही. पण या कामात एक अडचण इतक्या वेळा समोर आली आहे, की ती आपल्या कानावर घातल्याशिवाय राहवत नाही.

कर्करोगाचं निदान झालेल्या बाईला दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, तीत हा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१९ साली ती राज्यांकडे धाडली. आपल्या राज्यानं २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत सुधारणा केली आणि रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात दर्शनी जागी लावणं बंधनकारक झालं. बऱ्याच दवाखान्यांत मला ती फ्रेम दिसते, कॅश काउंटरच्या बाजूला किंवा पाण्याच्या कूलरच्या वर. म्हणजे हक्क भिंतीवर आला. पण तो वापरायचा तर एक वस्तू हातात लागते, आणि ती वस्तू बाईला मिळत नाही. ती म्हणजे बायॉप्सीचा ब्लॉक.

गाठीतून जाड सुईनं काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकून लॅबमध्ये जातो. तिथे त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. आगपेटीहूनही लहान, प्लॅस्टिकच्या जाळीदार खोक्यावर बसवलेला तो मेणाचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. कडेला पेन्सिलीनं नंबर लिहिलेला असतो आणि मेणाच्या आत दोन-चार फिकट धागे दिसतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या तीन-चार भागांएवढा पातळ काप त्या धाग्यांचा काढतात, काचेवर घेऊन रंगवतात, आणि पॅथॉलॉजिस्ट तो सूक्ष्मदर्शकाखाली बघून रिपोर्ट लिहितात. ऑपरेशन आधी की केमो आधी, हार्मोनची गोळी लागू पडेल का, हर-टू नावाच्या प्रथिनावरचं इंजेक्शन द्यायचं का, हे सगळं त्या रिपोर्टावर ठरतं.

पॅथॉलॉजिस्टांच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही. पण बघणारा डोळा माणसाचाच असतो. अमेरिकेत जोआन एल्मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११५ पॅथॉलॉजिस्टांना स्तनाच्या बायॉप्सीच्या स्लाइड वाचायला दिल्या आणि त्यांची उत्तरं जाणत्या तज्ज्ञांच्या समितीनं ठरवलेल्या निदानाशी ताडून पाहिली. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आजूबाजूला शिरू लागलेल्या कर्करोगाच्या बाबतीत शंभरातली ९६ उत्तरं जुळली. जो दुधाच्या नलिकेतच थांबलेला असतो त्या प्रकाराला डीसीआयएस म्हणतात, त्यात ८४ जुळली. आणि पेशी बिघडू लागल्या आहेत पण कर्करोग म्हणता येत नाही, अशा मधल्या अवस्थेत जुळली फक्त ४८. दुसरी नजर कर्करोगाचं निदान सहसा खोडत नाही, हे यातून कळतं आणि त्यानं बाईच्या मनाला आधारच मिळतो. पण निदान काठावरचं असेल तर दुसऱ्या नजरेवाचून एखादीचा स्तन विनाकारण जाऊ शकतो.

आपल्याकडे तर घोटाळा सूक्ष्मदर्शकाच्या आधीच सुरू होतो. काढलेला तुकडा तासाभराच्या आत पुरेशा फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे, असा जगभर मानलेला दंडक आहे. लहान गावातल्या नर्सिंग होममध्ये काढलेली अख्खी गाठ सलाइनमध्ये, नाहीतर बाटलीच्या तळाला बोटभर फॉर्मलिन घालून त्यात टाकलेली मी पाहिली आहे. ती बाटली नातेवाइकाच्या हातात देतात. तो मोटरसायकलवरून जिल्ह्याच्या गावी निघतो. शनिवारची संध्याकाळ असली तर बाटली सोमवारपर्यंत घरातल्या फडताळात. अशा तुकड्यात हार्मोनचे रिसेप्टर असूनही दिसेनासे होतात, रिपोर्टावर ‘ईआर निगेटिव्ह’, म्हणजे रिसेप्टर नाहीत, असं येतं, आणि पाच वर्षं एक स्वस्तातली गोळी घेऊन जिचा धोका कमी झाला असता तिला ती गोळी कुणी लिहूनच देत नाही. दुसऱ्या ठिकाणचा पॅथॉलॉजिस्ट ब्लॉक हातात घेऊन निदान इतकं सांगू शकतो, की या तुकड्याची आबाळ झालेली दिसते, या निगेटिव्हवर विसंबू नका, चाचणी पुन्हा करा. नुसता कागद वाचून हे कुणालाही सांगता येत नाही.

माझ्या धाकट्या जावेचं सांगते. डाव्या बाजूला गाठ होती. बायॉप्सी झाली, रिपोर्ट आला, सर्जन म्हणाले, बुधवारी टेबल मोकळं आहे, करून टाकू. रिपोर्टाच्या तळाला एक ओळ होती: हर-टू, टू प्लस, फिश करून घ्यावी. हर-टूचा निकाल शून्य, वन प्लस, टू प्लस किंवा थ्री प्लस असा येतो. थ्री प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. टू प्लस म्हणजे या चाचणीतून ठरवता येत नाही, फिश नावाची पुढची चाचणी करून ठरवा. ती ओळ दाखवल्यावर सर्जन म्हणाले, ते नंतर बघू.

मी दिरांना म्हटलं, एकदा दुसरीकडे दाखवू या. ते म्हणाले, “वहिनी, डॉक्टरांना काय वाटेल? उद्या त्यांच्याच हाताखाली जायचंय हिला.” त्यांना दोष देता येत नाही. ज्याच्या हातात आपलं माणूस सोपवायचं त्याचं मन दुखवायचं नाही, हे आपल्या अंगातच मुरलेलं आहे. जिची गाठ तिला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. ती आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, “ताई, बाकी काय व्हायचं ते होऊ दे, पण आधी औषध देऊन गाठ लहान करता येते का, तेवढं कुणाला तरी विचारा. मागच्या आळीतल्या काकूंना तसं केलं होतं.”

लॅबच्या खिडकीवर उत्तर मिळालं, ब्लॉक पेशंटला देत नाही, आमच्या रेकॉर्डला असतो. पाहिजेच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा. म्हणजे ज्यांना न दुखवता दुसरं मत घ्यायचं, त्यांच्याच टेबलावर जाऊन हात पसरायचा. दीर तिथूनच परत फिरायला निघाले होते. तेवढ्यात आतून लॅबच्या मॅडम बाहेर आल्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला, रजिस्टरमध्ये जावेची स्वतःची सही घेतली, ब्लॉक आणि दोन स्लाइड टिश्यू पेपरात गुंडाळून औषधाच्या रिकाम्या डबीत घातल्या आणि म्हणाल्या, “मेण आहे. उन्हात ठेवू नका, गाडीच्या काचेशी तर मुळीच नको. काम झालं की परत आणून द्या, मी नंबर लिहून ठेवलाय.” मे महिन्यातलं सोलापूर आपल्याला ठाऊक आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये जावेनं रात्रभर ती डबी पदराखाली धरली होती.

मुंबईत निदान तेच राहिलं. फिश पॉझिटिव्ह आली. त्यामुळे क्रम बदलला: आधी केमो आणि त्याबरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूचं इंजेक्शन, गाठ आक्रसली की ऑपरेशन. स्तन राखता आला. ट्रास्टुझुमॅब ऑपरेशननंतरही देता येतं, हे खरं आहे. पण त्यासाठी आधी फिश व्हायला हवी, आणि ‘नंतर बघू’ म्हटलेली फिश कितीजणींची राहूनच जाते, ते मी दर महिन्याला पाहते. जावेची केमो पुढे सोलापुरातच झाली. पहिल्या सर्जननी फाइल चाळली आणि शांतपणे म्हणाले, बरं झालं जाऊन आलात. दिरांनी धरलेली सगळी भीती त्या एका वाक्यात विरली. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. माझ्याबरोबरच्या एका विडी कामगार बाईला, मुंबईहून मत घेऊन आल्यावर, “आता तिकडेच जा” म्हणून फाइल परत दिली गेली. तिकडे म्हणजे साडेचारशे किलोमीटरवर.

महोदय, नियमांत काय आहे ते मी वाचलं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत त्याचे कागद द्यावे लागतात. गंभीर आणि संशयाच्या आजारात डॉक्टरनं आपणहून दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, हेही तीच संहिता सांगते. आयोगाच्या सनदेत तर असं आहे की दुसऱ्या मतासाठी लागणारे कागद जादा पैसे न घेता आणि विनाविलंब द्यावेत, आणि मत घ्यायला गेल्याबद्दल रुग्णाच्या उपचारात हयगय होऊ नये. यापेक्षा जास्त काय लिहायचं? पण या सगळ्या लिखाणात केसपेपर, नोंदी आणि रिपोर्ट यांचाच उल्लेख आहे. ब्लॉकचा नाही. इतर आजारांत कागद पुरतो. हृदयाचा रुग्ण अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसरीकडे जातो आणि दुसरा डॉक्टर तेच चित्र पुन्हा बघतो. कर्करोगात मूळ पुरावा मेणात असतो आणि रिपोर्ट म्हणजे तो पुरावा पाहून एका माणसानं लिहिलेला जबाब. नुसता जबाब घेऊन गेलेल्या बाईला दुसरं मत मिळाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते पहिल्याच मताच्या पायावर उभं असतं.

टाटा मेमोरियल आणि राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा मी अनेकींना सुचवते. घरबसल्या कागद पाठवायचे आणि तज्ज्ञांचं मत मागवायचं. खेड्यातल्या घरासाठी ही फार मोठी सोय आहे. पण तिथेही पाठवायचा तो रिपोर्टच. त्यात हर-टू चुकलं असेल, ईआर चुकलं असेल, तर कितीही मोठ्या तज्ज्ञाचं मत त्या चुकीवरच बेतलेलं राहणार. या सेवेलासुद्धा ब्लॉकच्या फेरतपासणीची जोड लागते.

लॅबवाल्यांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. सुईच्या बायॉप्सीचा ब्लॉक बहुधा एकच असतो. तो बाहेर गेला, गहाळ झाला, आणि उद्या कुणी ग्राहक आयोगात गेलं तर लॅबनं काय दाखवायचं? यावर मार्ग आहेत. ब्लॉक देण्याआधी चार-सहा कोरे काप काचेवर काढून ठेवायचे. ब्लॉक रुग्णाच्या हाती देण्याऐवजी लॅबमधून लॅबमध्ये पाठवायचा. पावती करायची, परतीची तारीख लिहायची. त्या मॅडमनी रजिस्टरमध्ये एका सहीवर जे केलं त्याला कुठलं यंत्र लागलं नाही. लागते ती शासनाची आज्ञा, म्हणजे खिडकीवरच्या पोरालाही कळेल की हे द्यायचंच असतं.

आता थोडं मागं जाते, कारण दुसरं मत म्हणजे डॉक्टरवरचा अविश्वास असं मानणारे खूप भेटतात. निदान आणि ऑपरेशन यांच्यामध्ये आज जी मोकळीक आहे ती बायकांनी मागून घेतलेली आहे. १९७४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड भूल घेऊन टेबलावर गेल्या, त्याच भुलेत गाठ तपासली गेली आणि त्याच भुलेत स्तन काढला गेला. तेव्हा रीतच तशी होती. शुद्धीवर आल्यावर बाईनं छातीवर हात ठेवायचा आणि आपलं काय झालं ते समजून घ्यायचं. त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार बाईंना गाठ लागली. आधी फक्त बायॉप्सी करा, मला जागं होऊ द्या, मग पुढचं ठरवू, एवढंच त्यांचं मागणं होतं. एकामागून एक सर्जन नाही म्हणाले. कुशनर हटल्या नाहीत, शोधत राहिल्या, लिहीत राहिल्या. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं बायॉप्सी आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं असा सल्ला दिला आणि छातीचे स्नायूही कापून काढणारं जुनं रॅडिकल ऑपरेशन मागे पडलं. आपल्या तालुक्याच्या गावांत मात्र “उघडून बघू, तसलं काही वाटलं तर तेव्हाच काढून टाकू” हे वाक्य अजून माझ्या कानावर येतं.

स्तन राखून फक्त गाठ काढणं आणि वर रेडिएशन देणं, किंवा सगळा स्तन काढणं, या दोन्हींत बाई सारखीच जगते. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी वीस-वीस वर्षं बायकांचा मागोवा घेऊन हे २००२ साली जगापुढे मांडलं. तरी करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या बाईला हा पर्याय बहुधा सांगितलाच जात नाही. रेडिएशनला रोज येणं हिला जमणार नाही, घरची कामं आहेत, नवरा सोडणार नाही, असं तिच्या वतीनं परस्पर ठरलेलं असतं. कुणाला खरंच जमत नाही. कुणाला गाठच इतकी मोठी असते की स्तन राखणं शक्य नसतं. पण पूर्वीसारखं पाच-सहा आठवडे रेडिएशन आता बहुतेकींना लागत नाही, तीन आठवड्यांत होतं, हे कळल्यावर “तेवढं मी करीन, भावाकडे राहीन” असं म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. नाही म्हणायचं तर ते तिनं म्हणावं.

दुसऱ्या मतानं कधी कधी ऑपरेशन टळतंही. आजार हाडांत किंवा यकृतात पोचलेला असताना स्तनाचं ऑपरेशन करून आयुष्य वाढतं का, हा प्रश्न परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूनं केमोला प्रतिसाद दिलेल्या ३५० बायकांवर अभ्यास करून तपासला. वाढत नाही, असं उत्तर २०१५ साली आलं. जखम चिघळली असेल, रक्त येत असेल तर गोष्ट वेगळी. पण असं काही नसताना पाटल्या मोडून ते ऑपरेशन करून घेतलेली घरं मला माहीत आहेत. एखादा निर्णय घेताना आपण किती सावध असतो पाहा: गुंठाभर जमीन घ्यायची तर सातबारा दोन वकिलांना दाखवल्याशिवाय माणूस इसार देत नाही. देहाच्या बाबतीत दुसऱ्याला विचारायची चोरी का असावी?

दुसरं मत कुणाचं, हाही प्रश्न आहेच. पहिल्या डॉक्टरनंच नाव सुचवलेल्या ठिकाणी जाऊन घेतलेलं मत कितपत मोकळं असतं, हे रुग्णाला कळायला मार्ग नसतो. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल घेतलं जाणारं कमिशन, रोखण्यासाठी सरकारनं २०१७ साली कायद्याचा मसुदा करून घेतला होता, याची आठवण फक्त करून देते. त्यावर वेगळं पत्र होईल.

उशिराचं भयही मला मांडलं पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं, की कर्करोगाच्या ऑपरेशनला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून एका मागून एक दारं ठोठावत हिंडणं, कुणीतरी ‘ऑपरेशन नको’ म्हणेपर्यंत डॉक्टर बदलत राहणं, याला मी दुसरं मत म्हणत नाही. गाठीला चाकू लागला की आजार पसरतो, सुई टोचली की उसळतो, या समजापायी झाडपाल्याच्या मागं लागून हाताबाहेर गेलेल्या बायकांच्या मयतीला मी गेले आहे. त्वचा लाल होऊन स्तन भराभर सुजणारा एक प्रकार असतो, त्यात तर दिवस घालवायला सवडच नाही. एरवी, दोन-तीन आठवड्यांत मिळालेलं एक जाणतं मत बाईचं नुकसान करत नाही. दुर्दैव असं, की त्या दोन-तीन आठवड्यांतला बराचसा काळ ब्लॉक मिळवण्यातच खर्ची पडतो.

आणि मग प्रवास. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ करते, ही मोठीच मदत आहे. तरी सोबतीचा रोज बुडतो, मुंबईत टेकायला जागा लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर परळचा फूटपाथ. जिनं उपचार मुंबईतच घ्यायचे तिला हे करावं लागेल. पण जिला उपचार आपल्या गावाजवळ घ्यायचे आहेत आणि फक्त खात्री करून हवी आहे, तिनं इतकी यातायात कशासाठी करावी? बाईऐवजी ब्लॉकनं प्रवास करावा. क्षयरोगाच्या कामात थुंकीचे नमुने प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नेण्याची साखळी आपल्याच खात्यानं उभी केली आहे. मेणाचा ब्लॉक तर थुंकीपेक्षा किती सोपा. तो सांडत नाही, नासत नाही, त्यापासून कुणाला संसर्ग होत नाही. फक्त उन्हापासून जपायचा.

म्हणून माझं मागणं असं. स्तनाच्या गाठीचं निदान ज्या लॅबमध्ये झालं तिनं, बाईनं स्वतः सही करून मागितल्यावर, तीन कामाच्या दिवसांत ब्लॉक आणि स्लाइड पावतीवर द्याव्यात किंवा सांगितलेल्या लॅबकडे पाठवाव्यात, डॉक्टरांची चिठ्ठी मागू नये, असा शासन निर्णय काढा. त्यात ‘ब्लॉक’ आणि ‘स्लाइड’ हे शब्द लिहा, नुसतं ‘रेकॉर्ड’ लिहिलं तर खिडकीवरचं उत्तर बदलणार नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे ब्लॉक घेऊन पुढे पाठवणारी एक खिडकी ठेवा. तपासणार कोण, तर वैद्यकीय महाविद्यालयांतले पॅथॉलॉजी विभाग आहेत, टाटाचे विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयं आपल्या खात्याकडे आणि महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, म्हणून प्रत त्यांनाही पाठवते आहे. दोन खात्यांच्या मधल्या भिंतीशी त्या बाईला काही देणंघेणं नाही.

दुसरं म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांची पॅकेजं त्यात आहेत. ब्लॉकची फेरतपासणी आणि टू प्लस आल्यावरची फिश, या दोन गोष्टींचा खर्चही उपचार सुरू होण्याआधीच योजनेतून भागावा. चुकीच्या रिपोर्टावर दिलेल्या केमोच्या एका फेरीचा हिशेब केला तर योजनेचेसुद्धा यात पैसेच वाचतील. शिवाय, बाई दुसरं मत घेऊन परतली तर पहिल्या रुग्णालयानं तिला नाकारता कामा नये. सनदेतलं हे वाक्य योजनेच्या करारात घाला, म्हणजे त्याला दात येतील.

फॉर्मलिनचं काम तर एका परिपत्रकाचं आहे. गाठ काढणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होममध्ये योग्य प्रमाणाचं फॉर्मलिन आणि रुंद तोंडाची बरणी असावी, तुकडा कधी काढला आणि फॉर्मलिनमध्ये कधी टाकला या दोन वेळा बरणीवर लिहाव्यात.

२०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार बायका त्यानं गेल्या. इतक्या जणींपैकी प्रत्येकीची वेगळी काळजी घेणं शक्य नाही, असं कुणी मला ऐकवलं तर मी बार्शीचं नाव घेते. आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. तिथली माणसं गावोगाव फिरली, लोकांशी बोलली, आजार लवकर दाखवायला या म्हणून सांगत राहिली. ज्या जिल्ह्यात बाईची नोंद तिच्या गावात जाऊन घेता आली, तिथून तिचा ब्लॉक मुंबईला पाठवणं अवघड नाही.

सुरुवात आमच्या सोलापूर जिल्ह्यापासून करा, अशी विनंती आहे. सरकारी आणि खासगी लॅब, सर्जन, योजनेतली रुग्णालयं यांना आपण एकदा बोलवा. ज्यांनी खिडकीवर उभं राहून नकार ऐकला आहे अशा बायका मी घेऊन येईन, त्या आपल्या तोंडानं सांगतील. बैठकीची तारीख जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत कळवली तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सोलापूर